कृष्णेच्या पाण्यातला प्राणवायू मोजण्याआधी

सांगलीच्या घाटावर उभे राहून कृष्णेकडे पाहिले, तर पाण्याची पातळी कळते, रंग कळतो आणि कधी वासही कळतो. मात्र त्या पाण्यात माशांना पुरेल इतका प्राणवायू विरघळलेला आहे की नाही, हे पाहून सांगता येत नाही. ते मोजावेच लागते. आयर्विन पुलाजवळ पहाटेच पोहोचलेला हा तंत्रज्ञ त्यासाठीच आला आहे. रात्रभर शेवाळ आणि जीवाणू प्राणवायू वापरत राहतात आणि प्रकाशाअभावी नवा प्राणवायू तयार होत नाही, म्हणून सूर्योदयाच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. नदीची खरी परीक्षा याच वेळी होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार नदीत स्नान करण्याजोग्या पाण्यात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम, तर मासे आणि वन्यजीव यांच्यासाठी किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. त्यात सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी मिसळले, तर ते कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायूही झपाट्याने संपवतात. अशा दिवसांत दशांश चिन्हापुढचा आकडाही महत्त्वाचा ठरतो, आणि तो आकडा विश्वासार्ह आहे की नाही, हे प्रोब, म्हणजे प्राणवायू मोजणारी संवेदक कांडी, पाण्यात सोडण्यापूर्वीच ठरलेले असते.

तंत्रज्ञाच्या हातातला प्रोब प्रकाशीय पद्धतीचा आहे. त्याच्या टोपीवरील रंगद्रव्याच्या पातळ थरावर निळा प्रकाश पडला, की तो थर लालसर प्रकाश देतो; भोवती प्राणवायू जितका अधिक, तितका हा लालसर प्रकाश क्षीण आणि अल्पजीवी होतो. टोकाला पातळ पटल (मेम्ब्रेन) असलेल्या जुन्या प्रकारच्या प्रोबमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया घडते आणि मोजताना थोडा प्राणवायू खर्चही होतो, त्यामुळे तो प्रोब वाहत्या पाण्यात धरावा लागतो किंवा हलवत ठेवावा लागतो. अंशांकनाचे, म्हणजे ज्ञात स्थितीशी ताडून उपकरणाचा आकडा जुळवून घेण्याचे, तत्त्व मात्र दोन्हींसाठी एकच आहे.

अंशांकनाच्या बाटलीच्या तळाशी थोडे पाणी आहे. प्रोब त्या पाण्याच्या वर, बाष्पाने भरलेल्या हवेत लटकतो आणि बाटलीचे झाकण किंचित सैल ठेवलेले असते, जेणेकरून आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहील. अशा हवेतला प्राणवायूचा दाब आणि त्याच तापमानाला हवेने पूर्ण संपृक्त झालेल्या (म्हणजे आणखी प्राणवायू मावणार नाही अशा) पाण्यातला प्राणवायूचा दाब सारखाच असतो. प्रोबला हा दाबच जाणवतो, म्हणून या स्थितीला १०० टक्के मानता येते. तंत्रज्ञ मऊ कागदाने टोपीवरचा पाण्याचा थेंब हलकेच टिपून घेतो. हा थेंब राहिला, तर प्रोबपर्यंत प्राणवायू आणि उष्णता नीट पोहोचत नाहीत आणि वाचन चुकते. त्यानंतर त्याला केवळ वाट पाहायची असते. प्रोब आणि बाटलीतली हवा एकाच तापमानाला येऊन आकडा स्थिर होईपर्यंत बटण दाबायचे नाही. आमच्या मते या कामातला सर्वांत अवघड भाग हा संयमच आहे.

यापुढचा मुद्दा सांगलीकरांनी विशेष ध्यानात घ्यावा. समुद्रसपाटीवर प्रमाण वायुदाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल असतो. सांगली सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथील प्रत्यक्ष दाब ९५० च्या आसपास भरतो. पाण्यात प्राणवायू किती मावेल, हे या दाबावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर सांगलीच्या उंचीवर ७.७ च्या जवळपास. हवामानाच्या बातमीपत्रातला दाबाचा आकडा मात्र सहसा समुद्रसपाटीवर किती भरेल असा रूपांतरित करून सांगितलेला असतो. अंशांकन करताना तो तसाच उपकरणात भरला, तर प्रत्येक वाचन सहा-सात टक्क्यांनी फुगते. पाण्यात खरोखर ४.८ मिलिग्रॅम असताना उपकरणाच्या पडद्यावर ५.१ दिसेल आणि स्नानाला अयोग्य असलेले पाणी कागदोपत्री योग्य ठरेल. साताऱ्याची उंची आणखी जास्त असल्याने तेथे हाच दोष वाढतो. त्यामुळे जागेवर दाबमापकाने मोजलेला, कोणतेही रूपांतर न केलेला दाबच वापरला पाहिजे.

१०० टक्क्यांनंतर अंशांकनाचा दुसरा बिंदू शून्याचा. सोडियम सल्फाइटचे ताजे द्रावण पाण्यातला प्राणवायू शोषून घेते. त्यात प्रोब बुडवला, की आकडा काही मिनिटांत शून्याजवळ यायला हवा. ही तपासणी रोज करावी लागत नाही; पण केल्यानंतर प्रोब भरपूर पाण्याने धुतला पाहिजे, कारण टोपीवर राहिलेले सल्फाइट पुढचे वाचन खाली ओढते.

प्रयोगशाळेत तपासणीची आणखी एक रीत आहे. लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या अनुमापन पद्धतीत नमुन्यातला प्राणवायू जागीच रासायनिकरीत्या बांधला जातो, नंतर त्याच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते, आणि थायोसल्फेटचे थेंब पडता पडता स्टार्चचा निळा रंग नाहीसा होईपर्यंत किती द्रावण लागले, यावरून उत्तर मिळते. नमुना भरताना बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. एकाच जागेच्या पाण्यावर ही पद्धत आणि प्रोब यांचे आकडे जुळले, तर त्या अंशांकनावर भरवसा ठेवता येतो.

दिवसभराची मोजणी आटोपल्यावर प्रोब पुन्हा त्याच बाष्पभरल्या बाटलीत ठेवला जातो. आकडा १०० टक्क्यांच्या जवळ राहिला, तर दिवसाची वाचने स्वीकारली जातात. तो लक्षणीय सरकला असेल, तर नोंदवहीत वेळ, तापमान आणि दाब यांच्यासह तसे लिहून त्या वाचनांवर संशयास्पद अशी खूण केली जाते. ती खोडली मात्र जात नाहीत.