शिबिर उठल्यावरचं काम

मंडळी, ठाण्यातल्या वस्त्यांमध्ये कॅन्सर तपासणी शिबिरांना मदत करायला आपण पुढे आलात. मंडप, बॅनर, लाउडस्पीकर यांची जमवाजमव दोन दिवसांत होते. पण शिबिरात जिच्याबद्दल शंका आली ती बाई बायॉप्सीपर्यंत, म्हणजे तुकडा काढून तपासण्यापर्यंत, पोचली नाही, तर तिच्यापुरतं ते शिबिर झालंच नाही असं धरा. म्हणून आज मुख्यतः शिबिर उठल्यानंतरच्या कामाबद्दल बोलायचं आहे.

तपासणीचं थोडक्यात सांगतो. वय ३० च्या पुढे, आणि तीन जागा: तोंड, स्तन, गर्भाशयमुख. या तिन्हींची पहिली तपासणी मोठ्या यंत्राशिवाय होते. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये साध्या आरोग्यसेविकांना शिकवून हे वर्षानुवर्षं केलं, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पाळी चालू असताना ही तपासणी होत नाही, तेव्हा निरोप देतानाच ते सांगा. नाहीतर बाई घरकाम टाकून येते आणि परत जाते.

तोंडाची तपासणी मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे प्रश्न आपण विचारणार आहोत. ‘तंबाखू खाता का?’ असं बायकांना विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. मिश्री लावणं म्हणजे तंबाखू खाणं, असं कुणी मानतच नाही. ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असं विचारा. मग कवळी असेल तर काढायला सांगा, आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. जेमतेम दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, तर सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी आखडते आहे, असा संशय घ्यावा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेऊन माणसं हातावर एकत्र करतात. तेव्हा पुड्यांबद्दलही विचारा. पुढे टॉर्च धरून डॉक्टर बघतील: गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, आणि ओठ-हिरडीची खाच, जिथे तंबाखूची गोळी दाबून ठेवतात. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की नाव वेगळ्या रजिस्टरात. तंबाखू सोडायची इच्छा दाखवणाऱ्याला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर तिथेच लावून द्या.

शंका आली तर आपण काय बोलायचं? ‘काही नाही हो, घाबरू नका’ हे म्हणू नका, आणि कॅन्सरचं नावही आपण काढू नका. ‘डॉक्टरांना हे नीट तपासून घ्यायचं आहे, कोणत्या दिवशी जायचं ते आत्ताच ठरवू,’ एवढंच. घरात कुणाला सांगितलेलं चालेल, हेही तिलाच विचारा.

गळती इथून सुरू होते. रजिस्टरात नवऱ्याचा नंबर असतो, दुपारी फोन केला की तो कंपनीत उचलतो आणि तिला निरोपच मिळत नाही. म्हणून दोन नंबर घ्या, एक शेजारणीचा चालेल, आणि फोन कधी करायचा ती वेळ लिहा. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून पुष्कळ जणी थांबतात. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही, हे स्पष्ट सांगा. ‘बायॉप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घरोघरी आहे. वाद घालू नका. तुकडा तपासल्याशिवाय कोणता कॅन्सर, कोणतं औषध हे डॉक्टरांना ठरवताच येत नाही, एवढं समजवा. आणि नुसती चिठ्ठी देऊ नका. रोजंदारी बुडणार, मुलं कुणाकडे ठेवायची, केसपेपर कुठे काढायचा, या तीन प्रश्नांपाशी चिठ्ठी पडून राहते. सोबत जा.

खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्याच तिथल्या केंद्राला, ठाण्याहून थेट पनवेल लोकल आहे. परळच्या टाटाला मध्य रेल्वेची धीमी. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर रुग्णांनाही बसता येतं, फक्त हॉस्पिटलचे कागद जवळ हवेत. फाइलमध्ये आधार, रेशनकार्ड, झेरॉक्स आणि तारखेप्रमाणे लावलेले रिपोर्ट ठेवा. बायॉप्सी बाहेर झाली असेल तर लॅबमधून स्लाइड (काचपट्टी) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. नुसत्या रिपोर्टवर मोठं हॉस्पिटल थांबत नाही, ते स्वतः पुन्हा तपासतं, आणि त्यासाठी दुसरी फेरी पडते. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतले उपचार कॅशलेस असतात, म्हणून पैसे भरण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, हे घरीच पाहून घ्या.

केमो सुरू झाल्यावर घरात थर्मामीटर हवाच. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत कमी होतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी केमोचे कागद घेऊन हॉस्पिटल गाठायचं. तापाची गोळी ताप लपवते, जंतुसंसर्ग थांबवत नाही. आपल्यापैकी कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्या आठवड्यात रुग्णाच्या घरी जाऊ नये. फोन करावा, आणि ठरलेल्या तारखेला सोबत म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं.