३३व्या आठवड्यातला घोट

(दृश्य: नवजात अतिदक्षता कक्ष. बाळाची हनुवटी आणि बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, अगदी जवळून.)

हनुवटीच्या खाली बघा. गळ्याची ती बारीकशी उचल, तो एक घोट. बोंडलं धरलेला हात त्यानंतर हललेला नाही, बाळानं श्वास घेईपर्यंत तो तसाच राहणार आहे. हे बाळ ३३व्या आठवड्यात जन्मलं. चोखता येतं, गिळताही येतं. अडतं ते मध्ये श्वास कधी घ्यायचा इथे.

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा.)

साधारण १२व्या आठवड्यापासून गर्भ भोवतालचं पाणी गिळू लागतो. तोंड उघडतं, जीभ मागे सरते, घशातली काळी पोकळी क्षणभर फुगते आणि रिकामी होते. दिवस भरत येतात तेव्हा रोज अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी पोटात जातं, आतड्यात शोषलं जातं, बरंचसं लघवीवाटे परत भोवती येतं. अन्ननलिका मध्येच बंद असेल किंवा गिळणंच कमकुवत असेल, तर हे चक्र अडतं आणि सोनोग्राफीत ‘पाणी जास्त’ दिसू शकतं. म्हणजे ३३व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचाही सराव जवळजवळ पाच महिन्यांचा आहे. फक्त त्या सगळ्या काळात ऑक्सिजन नाळेतून मिळत होता, घशातून हवा जात नव्हती.

(दृश्य: बेरियम मिसळलेल्या दुधाचं एक्स-रे चलचित्र. हे दुसरं, पूर्ण दिवसांचं बाळ. गती कमी केलेली.)

काळा दिसतोय तो दुधाचा घोट. जीभ त्याला मागे ढकलते. मऊ टाळू वर उचलला जातो, नाकाची वाट बंद. स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, अन्ननलिकेचं तोंड उघडतं, घोट खाली. खऱ्या वेगात हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं, आणि तेवढा वेळ श्वास थांबलेला असतो. नवजात बाळाचं स्वरयंत्र खूप वर, जवळजवळ मऊ टाळूला टेकलेलं असतं. त्यामुळे ते एकाच वेळी गिळतं आणि श्वासही घेतं, असं अजून सर्रास सांगितलं जातं. घेत नाही. पूर्ण दिवसांचं बाळ दूध ओढताना सेकंदाला साधारण एकदा चोखतं आणि घोटाघोटांच्या मधल्या फटीत श्वास बसवतं.

ही लय ठरते मेंदूच्या देठात. जीभ, टाळू आणि घशाकडून आलेली खबर तिथे पोचते आणि तिथूनच स्नायूंना क्रमानं आदेश सुटतात. श्वासाचं केंद्रही शेजारीच. या दोघांचं जुळायला लागतं ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास, पक्कं होतं त्यानंतर. वजन वाढवून हे लवकर येत नाही. म्हणून दूध कसं पाजायचं हे आधी आठवड्यांवरून ठरवतात: ३२च्या आधी बहुधा नळीनं, ३२ ते ३४ बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं, ३४ नंतर थेट अंगावर. नळीवर असलेल्या बाळालाही आईच्या पिळून रिकाम्या केलेल्या स्तनाशी चोखायला देतात, तोही सरावच.

(दृश्य: पुन्हा बोंडलं. आईचे हात, शेजारी परिचारिका.)

बाळ १६०० ग्रॅमचं. दिवसाला किलोमागे १५० मिलिलिटर या हिशेबानं २४० मिलिलिटर होतात. दर दोन तासांनी, म्हणजे एका वेळी २०. बोंडलं काठापर्यंत भरलेलं नाही. बाळ जागं आहे, दुपट्यात गुंडाळलंय, डोकं आणि मान उंच, हाताच्या आधारानं. चोच खालच्या ओठावर, कोपऱ्याकडे टेकवलीय. तिरकं केलंय ते दूध ओठाला लागेल इतकंच. बाळ जीभ काढून दूध आत घेतं. आता थांबायचं. घोट, मग श्वास, मग पुढचं. आईनं चोच आत सरकवली तेव्हा परिचारिकेनं तिचं मनगट धरलं, ते इथे दिसतंय: दूध थेट जिभेवर ओतलं की घोट बाळाच्या हातात राहत नाही. मोठ्या भोकाच्या बाटलीची तक्रारही हीच. बाळ चोखायचं थांबलं तरी ती गळत राहते.

(दृश्य: मॉनिटर. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९४ टक्क्यांवरून ८६.)

इथे तीन घोट लागोपाठ गेले, मध्ये श्वास नाही. भुवया वर, बोटं ताठ फाकलेली, ओठांभोवती निळसर. ठसका मात्र लागलेला नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या स्वरयंत्राला दूध लागलं की खोकला येण्याऐवजी श्वासच थांबतो, हृदयाचे ठोकेही मंदावतात. ‘ठसका नाही म्हणजे नीट पितंय’ हा हिशेब या बाळांना लावूच नये. बोंडलं लगेच बाजूला, बाळ थोडं सरळ. आकडा वर आला, पण झोप लागली तर उरलेलं दूध नळीनं द्यायचं. २० मिलिलिटर संपवायचेच म्हणून गालावर टिचक्या मारणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे, तो बंद करा. पाजण्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर बाळ अजून तयार नाही. दूध वारंवार श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

(दृश्य: उष्टावण. चांदीची वाटी, खीर हनुवटीवर.)

जीभ घास बाहेर ढकलतेय. ही नावड नाही. पहिले चार ते सहा महिने ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, नंतर ओसरते. पहिला घास चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका दाट हवा, पातळ पाणी नको. घास जिभेनं मागे नेणं, कुस्करणं, चावणं हे बाळाला शिकावं लागतं, त्यात मेंदूचा वरचा भागही उतरतो. शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खे देऊ नका. कूट चालेल.