सडलेला पत्रा कुठवर कापावा? जुन्या फियाटच्या सिलची दुरुस्ती

नमस्कार. जुन्या गाडीचा पत्रा सडला म्हणजे नेमके काय होते, तो कुठवर कापायचा आणि नवा तुकडा कसा जोडायचा, हे आज सविस्तर पाहू. उदाहरणासाठी मी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० डी घेतली आहे. हीच गाडी पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. महाराष्ट्रात जुन्या गाडीची हौस असलेल्या अनेकांची सुरुवात याच गाडीपासून होते, आणि समुद्राची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस सोसलेली फियाट हाती आली, तर तिचे इंजिन दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. खरी परीक्षा पत्र्याचीच असते.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नाही. फ्लोअर, दरवाजांखालचे सिल (उंबरठ्यासारखे पोकळ भाग), खांब आणि छत यांचा पत्रा एकमेकांना जोडूनच तिचा सांगाडा तयार होतो. त्यामुळे मडगार्डला भोक पडले तर गाडी फार तर कुरूप दिसते, पण सिल सडला तर गाडीचा भार पेलणारा भागच निकामी होतो. जॅक लावल्यावर दरवाजा नीट बसेनासा झाला, तर दरवाजाच्या बिजागऱ्या तपासण्याआधी सिल तपासावा.

आता माझ्या हातातला हा तुकडा जवळून पाहा. हा एका सिलचा खालचा भाग आहे. बाहेरून रंग बऱ्यापैकी शाबूत आहे आणि नाण्याएवढे दोनच फोड दिसतात. आता हाच तुकडा मी उलटा करतो. आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे एकावर एक चढले आहेत, कोपऱ्यात वाळलेला चिखल आहे आणि जिथे बाहेरून छोटा फोड होता तिथे आत तळहाताएवढा पत्रा कागदासारखा पातळ झाला आहे. ही खालची कडही पाहा. इथे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या वेल्डिंगच्या ठिपक्यांनी, जोडलेले असतात. त्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरते, मीठ आणि धूळ त्याला धरून ठेवते, रंग तिथे कधी पोचलेलाच नसतो, आणि गंज चढू लागतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो दोन्ही पत्र्यांना आतून फाकवतो. म्हणूनच प्रत्येक दोन स्पॉटच्या मधली कड अशी फुगलेली दिसते. कड सरळ नसून लाटेसारखी असेल, तर बाहेरचा रंग कितीही चकचकीत असो, आत गंज आहे असे खुशाल धरावे.

तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. टोकदार टोचा, लहान हातोडी आणि चुंबक पुरे. हातोडीने हलकेच ठोकत गेल्यावर शाबूत पत्रा टणटणीत वाजतो आणि सडलेल्या जागी आवाज बसतो. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा, म्हणजे खळगे बुजवायच्या पुटीचा, जाड थर आहे, आणि त्याखाली काय दडले आहे हे ती काढल्याशिवाय कळणार नाही.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग मारायचे, वर लांबी भरायची, घासून रंग द्यायचा, ही पद्धत अजूनही सर्रास चालते. ती दुरुस्ती नव्हे. खालचा गंज जिवंतच राहतो, दोन पत्र्यांमध्ये पाणी साचायला नवी फट मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा उरलासुरला रंगही जळून जातो. अशी गाडी विकत घेणारा माणूस चकचकीत रंग पाहून पैसे मोजतो आणि एक-दोन पावसाळ्यांत तेच फोड पुन्हा वर येतात.

कापण्याआधीची तयारी कंटाळवाणी वाटते, पण सगळे काम तिच्यावर अवलंबून आहे. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून ठेवावी, गालिचा व त्याखालचे डांबरी थर खरवडून काढावेत. त्यानंतर दरवाजे बंद करून प्रत्येक दरवाजाभोवतीची फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना मोजावी व ते आकडे तिथेच बॉडीवर मार्करने लिहून ठेवावेत. मग दरवाजाच्या चौकटीत लोखंडी पाइपचा आडवा-तिरका आधार वेल्ड करावा आणि तो बसवल्यावर फटी पुन्हा मोजाव्यात. आधाराविना सिल कापला तर गाडी मधोमध किंचित खचते, नवा सिल त्या खचलेल्या अवस्थेतच जोडला जातो आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी कापू नयेत, हेही त्याच कारणासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्रा घासल्यावर दोन्ही बाजूंनी स्वच्छ धातू दिसेपर्यंत कापावे, आणि त्याच्या पलीकडे कापू नये. या वाक्याचा पहिला भाग बहुतेकांना मान्य असतो, दुसरा मात्र विसरला जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारातून जुन्या गाडीचा अख्खा भाग मिळाला म्हणून आपल्या गाडीचा शाबूत भागही कापून टाकणे मला पटत नाही. कारखान्याच्या साच्यातून आलेली रेष, मूळ स्पॉटचे ठसे, आतल्या कोपऱ्यात टिकलेला पहिला रंग, हा सगळा त्या गाडीचा पुरावा असतो. याला कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली गाडी त्यात बसते, पण ती मूळ रूपात असावी आणि तिच्या चासीत, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. त्यामुळे सिलचा आकार सोपा करून चौकोनी नळी जोडून देणाऱ्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा.

नव्या तुकड्यासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून पाहावा. पत्रा साधा कोल्ड रोल्ड (थंड अवस्थेत लाटलेला पोलादी) घ्यावा आणि त्याची जाडी शाबूत भागावर मायक्रोमीटरने मोजून ठरवावी. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला, पत्रा लवकर गंजत नाही म्हणून मोह होतो, पण जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पोलाद त्याहून कितीतरी वर वितळते. म्हणजे वेल्डिंग करताना जस्ताची वाफ होणारच. ती वाफ फुप्फुसांना घातक असते आणि वेल्डिंगचा टाकाही सच्छिद्र होतो.

तुकडा मूळ पत्र्यावर चढवू नये, कडेला कड भिडवावी आणि मध्ये वेल्डिंगच्या तारेएवढी बारीक फट ठेवावी. गॅरेजमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात, म्हणजे वायूच्या आवरणात तार वितळवून केलेले वेल्डिंग, त्यात पातळ पत्र्यासाठी ०.६ मिलिमीटरची तार उत्तम. इथे सलग टाका कधीही ओढू नका. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, भोवतालचा पत्रा आपल्याकडे खेचतो आणि सपाट भागात खळगे पडतात. म्हणून एक ठिपका इथे, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मध्यावर, असे करत जावे आणि प्रत्येक ठिपक्यानंतर पत्र्याला हात लावता येईपर्यंत थांबावे. घाईने ओला फडका लावून थंड करू नये. ठिपके घासून पत्र्याच्या पातळीला आणल्यावर मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वरून हातोडीने टाक्यावर हलके ठोकावे, म्हणजे आकसलेला धातू पुन्हा पसरतो. सीओटूचा टाका मात्र कडक असतो, तो ठोकण्याला फारशी दाद देत नाही. जुने डेंटर, म्हणजे पत्र्याचे कारागीर, ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीने जो टाका घालत तो मऊ असे आणि हातोडीखाली पत्र्यात मिसळून जाई. उष्णता जास्त पसरते, हे खरे. पण ज्याच्या हाताला ती सवय आहे असा कारागीर मिळाला, तर बाहेरच्या दर्शनी भागासाठी मी आजही त्यालाच काम देईन.

खालच्या कडेला मूळचे स्पॉट होते, तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डिंगने भरावीत. जोडण्याआधी दोन्ही पत्र्यांच्या आतल्या बाजूला वेल्डिंग सोसणारा जस्तयुक्त प्रायमर लावावा.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. लांबी ओलावा शोषते, म्हणून उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर लागेल तेवढीच पातळ लांबी. रंगकाम पूर्ण झाल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारावे. ते कडेच्या फटींतून बाहेर झिरपेपर्यंत फवारावे, आणि नंतर तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत, कारण मेणाने किंवा नव्या रंगाने ती बुजली तर आत शिरलेले पाणी तिथेच राहते. दरवाजांच्या तळाची भोकेही त्याच वेळी पाहून घ्या, आणि दर पावसाळा संपला की गाडी कोरडी झाल्यावर सिलमध्ये मेणाचा एक हात पुन्हा द्या.