दोन घरांचा हिशेब: वडोदरा आणि लेस्टर

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घरात, ओटा पुसून झाल्यावर, आईने मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आहे. पलीकडे इंग्लंडमधील लेस्टर शहरात आत्ता कुठे संध्याकाळचे पाच वाजले आहेत आणि लेक नुकतीच कचेरीतून बाहेर पडली आहे. बोलणे सुरू होते ते कोथिंबिरीवरून. तिकडे कोथिंबिरीच्या चार काड्यांनाही पैसे मोजावे लागतात, हे आईला अजून पटत नाही, कारण खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेतली की भाजीवाली मूठभर कोथिंबीर आपणहून पिशवीत टाकते.

आई पौंडाचे रुपये करून पाहते आणि एका पौंडाचे शंभराहून अधिक रुपये होत असल्यामुळे तिला तिथली प्रत्येक वस्तू महाग वाटते. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल 2025 मध्ये 21 वर्षे आणि त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला 12.21 पौंड झाले, आणि तेव्हा शहरातील बसचे एका फेरीचे भाडे बहुतेक ठिकाणी 3 पौंडांच्या वर जात नव्हते. म्हणजे बसचे तिकीट पाव तासाच्या मजुरीचे झाले. किंमत पैशांऐवजी श्रमाच्या वेळेत मोजली, तर बस आणि कोथिंबीर दोन्ही स्वस्त ठरतात. घरभाडे मात्र ठरत नाही. या मुलीच्या हाती येणाऱ्या पगाराचा तिसरा हिस्सा एका खोलीच्या भाड्यात जातो.

दोन देशांतील किमतींची तुलना करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ क्रयशक्ती समानतेचा, म्हणजे त्याच वस्तू घ्यायला कुठे किती पैसे लागतात या हिशेबाचा, आधार घेतात. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार 2017 साली बाजारात एका डॉलरला सरासरी 65.12 रुपये पडत होते. परंतु अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू आणि सेवा भारतात 20.65 रुपयांत मिळत होत्या. हा फरक मुख्यतः माणसांच्या कष्टांच्या किमतीत आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाई, शिंपी आणि इस्त्रीवाला आपल्याकडे स्वस्तात मिळतात, कारण त्यांना मिळणारा मोबदला कमी आहे. मोबाईल किंवा लॅपटॉप आपल्याकडे स्वस्त नाही. म्हणून आपल्या मध्यमवर्गाची सोय ज्यांच्या कष्टांवर उभी आहे, त्यांचे घर याच शहरात कसे चालते, हे विचारल्याशिवाय स्वस्ताईचे कौतुक करता येत नाही.

आता आजारपणाकडे वळू. या घरातील वडील 66 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी उघडावी लागली आणि खासगी रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी मुदत ठेव मोडावी लागली. उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारी आयुष्मान भारतची सोय ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली, पण ती सत्तरी गाठलेल्यांसाठी आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के रक्कम लोकांनी थेट आपल्या खिशातून भरली. 2013-14 मध्ये हेच प्रमाण 64.2 टक्के होते. सुधारणा मोठी आहे, तरी ठेव मोडणाऱ्या घराला ती जाणवत नाही.

इंग्लंडमध्ये 1948 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे आणि रुग्णालयातून बाहेर पडताना सहसा बिल हाती पडत नाही. तरीही लेकीसाठी ती फुकट नाही. व्हिसा घेतानाच तिने आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे तीन वर्षांचे 3,105 पौंड, आगाऊ भरले आणि पगारातून कर कापला जातो तो वेगळाच. शिवाय तातडीची नसलेली शस्त्रक्रिया असेल, तर थांबावे लागते. सप्टेंबर 2023 मध्ये इंग्लंडच्या प्रतीक्षा यादीवर 77 लाखांहून अधिक उपचार खोळंबलेले होते.

सर्वांनी मिळून पैसे भरायचे आणि सर्वांनी वापरायचे, ही कल्पना वडोदऱ्याला परकी नाही. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभी केली आणि आजव्याच्या तलावातून शहराला नळाचे पाणी दिले. जीवनमान म्हणजे काय, याचे उत्तर त्या कामांत होते. त्याच शहरात ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले. भिजलेले धान्य, बंद पडलेला फ्रीज आणि चिखल उपसण्यात गेलेले दिवस महागाईच्या कोणत्याही निर्देशांकात दिसत नाहीत.

निर्देशांकात न दिसणारी आणखी एक बाब या स्वयंपाकघरात बसली आहे. ब्रिटनने जुलै 2012 मध्ये वृद्ध आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्याचे नियम इतके कडक केले की, रोजच्या व्यवहारांसाठी दुसऱ्याची मदत लागत असेल आणि ती मायदेशात मिळतच नसेल, तरच परवानगीचा विचार होतो. हे आईवडील स्वतःचे सगळे स्वतः करतात, त्यामुळे ते त्या नियमात बसत नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधील घड्याळे एक तास मागे जातील. मग लेकीची कचेरी सुटेल तेव्हा इथे साडेदहा वाजलेले असतील, आणि आईने तेवढा वेळ जागे राहायचे ठरवले आहे.