पुरासाठी बांधलेलं घर : डोनकाठची स्तारोचेर्कास्काया

ही रशियातली डोन नदी. रोस्तोव शहरापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला साधारण 30 किलोमीटरवर, काठालगत दिसतेय ती स्तारोचेर्कास्काया. कोसॅकांची, म्हणजे इथल्या लढवय्या घोडेस्वार लोकांची स्तानित्सा, म्हणजे त्यांचं गाव. 1644 पासून 1805 पर्यंत डोन कोसॅकांची राजधानी इथे होती. तेव्हाचं नाव चेर्कास्क.

चौकाला इथे मायदान म्हणतात. आपलं मैदान आणि हे मायदान एकाच मुळातले शब्द. कोसॅकांची सभा इथेच भरायची. 1637 साली तुर्कांकडून जिंकलेल्या आझोव किल्ल्याचे हे दरवाजे. शेजारी 1706 ते 1719 मध्ये उभं राहिलेलं पुनरुत्थान कॅथेड्रल. बंडखोर स्तेपान राझिनला 1671 मध्ये ज्यात जखडलं, तो साखळदंड म्हणून हा दाखवतात.

आता हे घर नीट बघा. याला कुरेन म्हणतात. खालचा मजला विटांचा, त्याला निझी. वरचा लाकडाचा, त्याला वेर्खी. वसंतात बर्फ वितळलं की डोन पात्र सोडायची आणि गावात शिरायची. खालच्या मजल्यावर सामानसुमान असे, ते आधीच वर न्यायचं. माणसं राहायची वर. बाहेरून फिरलेला हा लाकडी सज्जा म्हणजे बाल्यासी. पाणी चढलं की होडी थेट याच्या खांबाला बांधायची आणि शेजारी जायचं तेही होडीनेच.

वरच्या मजल्याच्या तुळया कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकींत अडकवलेल्या आहेत, बाहेरून फळ्यांचं आवरण. असं घर बिघडतं ते सांध्यापाशी, जिथे लाकूड विटेवर टेकतं. वीट पाणी शोषते, ओल वर चढते आणि सगळ्यात खालची तुळई कुजते. फळ्यांवरचा रंग शाबूत दिसतो, आत मात्र भुसा झालेला असतो. म्हणून मध्ये बर्चच्या सालीचा थर घालायची रशियन सुतारांची जुनी रीत. दुरुस्तीला घाई चालत नाही. चारही बाजूंना जॅक लावून घर हळूहळू, सारखं उचलायचं, कुजलेली तेवढी तुळई काढून त्याच मापाची बसवायची. एक बाजू जास्त उचलली गेली तर खाचा निखळतात, खिडक्यांच्या चौकटी तिरक्या होतात.

आणि सिमेंट. विटांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, मग थंडीत ते पाणी गोठतं आणि विटांचे पापुद्रे सुटतात. गिलावा चुन्याचाच हवा. तो ओल बाहेर सोडतो. हे साधं पथ्य न पाळल्याने चांगली भिंत हातची जाते.

1744 मध्ये मोठी आग लागली. 1805 मध्ये अतामान, म्हणजे कोसॅकांचे प्रमुख, मत्वेय प्लातोव यांनी राजधानी उंचावरच्या नोवोचेर्कास्कला हलवली. 1952 मध्ये डोनवर त्सिम्ल्यान्स्कचं धरण झालं आणि पुराचा जोर सरला. 1970 मध्ये इथे संग्रहालय झालं.

हा जिना बघा. तो बाहेरूनच, रस्त्यावरून थेट सज्जावर चढतो. घराचं मुख्य दार वरच आहे.