कुठला रे तू?

[दृश्य: अमेरिकेतलं डेट्रॉइट. घरांच्या परसामागची काँक्रीटची भिंत]

ही भिंत सहा फूट उंच आहे आणि लांबी साधारण अर्धा मैल. आज तिच्या एका तुकड्यावर साबणाचे फुगे उडवणारी मुलं रंगवलेली दिसतात. १९४१ मध्ये एका बिल्डरने ती बांधली, कारण शेजारी काळ्यांची वस्ती होती आणि त्यामुळे त्याच्या गोऱ्या गिऱ्हाइकांच्या घरकर्जाला सरकार हमी देईना. भिंत झाली, हमी मिळाली.

तिच्या उत्तरेला एट माइल रोड. रस्त्याच्या अलीकडे डेट्रॉइट शहर, पलीकडे कित्येक वर्षं बहुतांशी गोरी उपनगरं होती. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या काळ्या आणि पोर्तो रिकन पोरांनी घडवलेल्या रॅपमध्ये नावाआधी पत्ता विचारतात. कुठला रे तू?

[दृश्य: १९९०. फुगीर केस, चमकदार जाकीट]

व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरने या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं. त्याचं गाणं म्हणजे बिलबोर्ड मासिकाच्या गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या नंबरवर गेलेलं पहिलं रॅप गाणं. अल्बम सोळा आठवडे अव्वल. प्रसिद्धीपत्रकात मायामीच्या रस्त्यांवरचं खडतर बालपण रंगवलेलं होतं. डॅलसच्या एका वर्तमानपत्राने शोध घेतला, तर शाळा निघाली डॅलसच्या उपनगरात. पुढच्याच वर्षी थर्ड बेस या ग्रुपने व्हिडिओत त्याच्यासारखा दिसणारा माणूस उभा केला आणि त्याला यथेच्छ बडवलं. त्या ग्रुपचे दोन्ही रॅपर गोरेच होते! म्हणजे राग कातडीचा नव्हता. निदान नुसत्या कातडीचा नव्हता.

[दृश्य: कपड्यांचं दुकान, रॅकच्या मध्ये माइक]

डेट्रॉइटच्या हिप हॉप शॉपमध्ये विकायला कपडे असत आणि शनिवारी रॅपची जुगलबंदी रंगे. सूत्रधार प्रूफ नावाचा रॅपर, समोर जवळजवळ सगळी काळी पोरं. तिथे मार्शल मॅथर्स नावाचा गोरा पोरगा उभा राहायचा. समोरच्याने आपल्या रंगावरून टोमणा मारायच्या आत तो स्वतःच मारून मोकळा व्हायचा. हाच पुढे एमिनेम. त्याला हात दिला डॉ. ड्रे या काळ्या निर्मात्याने, आणि २००० साली त्याच्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात १७ लाखांहून जास्त प्रती खपल्या.

एवढा खप निव्वळ गुणांचा म्हणायचा का? तो स्वतःच म्हणत नाही. मी काळा असतो तर निम्मेच विकले गेले असते, हा हिशेब त्याने २००२ मध्ये गाण्यातच मांडला. आमच्या मते त्याचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य ते. मात्र ती कबुलीही पुन्हा विकलीच गेली.

२००३ च्या अखेरीस खरी परीक्षा आली. ‘द सोर्स’ मासिकाने त्याच्या पोरवयातली एक टेप पत्रकारांना ऐकवली. काळ्या मुलींबद्दल त्यात गलिच्छ, वर्णद्वेषी शब्द होते. काळ्या मैत्रिणीशी फाटल्यावर रागाच्या भरात केलेला मूर्खपणा, असं म्हणत त्याने माफी मागितली. मासिकाच्या मालकांपैकी एकाशी त्याचं उघड भांडण चालू होतं, त्यामुळे चाहत्यांना टेपपेक्षा ऐकवणाऱ्याचा हेतू जास्त खटकला. ते हलले नाहीत. टेपमध्ये ज्यांना शिव्या होत्या, त्या मुलींना कसं वाटलं असेल, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही.

[दृश्य: ड्रेस्डन स्ट्रीट. दोन घरांमधली मोकळी जागा, गवत]

एट माइलच्या दक्षिणेला, याच जागेवर त्याचं लहानपणीचं घर होतं. अल्बमच्या मुखपृष्ठावरचं. चाहते लांबलांबून येत, फोटो काढत. २०१३ मध्ये ते पाडलं.

२०१६ मध्ये त्या घराच्या ७०० विटा विक्रीला निघाल्या. एका विटेचे ३१३ डॉलर. ३१३ हा डेट्रॉइटचा टेलिफोन कोड.

[दृश्य: स्टँडवर ठेवलेली वीट, शेजारी कागद]

विटेसोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र होतं. खाली एमिनेमची सही.