साडेअडतीस गोळ्या

2013 साल, सॅन फ्रान्सिस्को. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं मुलांचं हॉस्पिटल. 16 वर्षांचा एक पेशंट अ‍ॅडमिट झालाय, वजन 38.6 किलो, आणि त्याच्या नेहमीच्या औषधांत सेप्ट्रा आहे, म्हणजे आपल्याकडे सेप्ट्रान नावाने मिळते तीच साधी अँटिबायोटिक.

डॉक्टरला द्यायचे होते 160 मिलिग्रॅम, एकच गोळी. तिने 160 टाइप केलं, पण समोर युनिट होतं मिलिग्रॅम पर किलो, कमी वजनाच्या मुलांसाठी ते आपोआपच तसं येतं, मग कॉम्प्युटरने 160 ला वजनाने गुणलं आणि ऑर्डर गेली साडेअडतीस गोळ्यांची!

आता तुम्ही म्हणाल कॉम्प्युटर गप्प कसा बसला? नाही बसला. डोस जास्त आहे असा अलर्ट डॉक्टरला आला, तिने तो बंद केला. फार्मासिस्टला आला, त्यानेही बंद केला. पुढे रोबोटने गोळ्या पॅक केल्या, त्याला काय, सांगितलं तेवढं त्याने केलं. नर्सला शंका आली होती, इतक्या गोळ्या कशा, पण बारकोड स्कॅन केला तर मशीन म्हणतंय बरोबर आहे, आणि मुलाने त्या सगळ्या गिळल्या. काही तासांनी त्याला मोठी फिट आली. नशीब, तो वाचला.

ही माणसं बेफिकीर होती असं म्हणणं सोपं आहे, पण त्या स्क्रीनवर दिवसभर काय चालायचं ते बघा. फार्मासिस्टकडे येणाऱ्या जवळजवळ निम्म्या ऑर्डरींवर कसला ना कसला अलर्ट असायचा, आणि किंचित जास्त डोस असो की अडतीसपट, खिडकी साधारण तशीच. 2006 मध्ये अशा अलर्टवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दिसलं की औषधांचे 49 ते 96 टक्के अलर्ट डॉक्टर ओलांडून पुढे जातात.

म्हणजे अलर्ट बिनकामाचे का? तसं नाही हो. 1976 मध्ये इंडियानापोलिसला डॉ. क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी कॉम्प्युटरने काढलेल्या सूचना डॉक्टरांच्या हातात दिल्या, तेव्हा 51 टक्के वेळा डॉक्टरांनी योग्य ती दखल घेतली आणि सूचना नसताना फक्त 22 टक्के. फरक मोठाच आहे.

यावर उपाय माहीत आहे, मोजक्याच धोक्यांना कडक अलर्ट ठेवायचा, डोस बदलल्याशिवाय ऑर्डर पुढेच जाणार नाही असा, आणि बाकीचे कमी करायचे. पण कमी करायचे म्हणजे कुणीतरी सही करून अलर्ट बंद करायला हवा, आणि उद्या त्याच औषधाने काही झालं तर पहिला प्रश्न हाच येणार की बंद कुणी केला, म्हणून मीटिंगा होत राहतात आणि यादी काही लहान होत नाही.